फळ्यावर नसलेली आंबील

धनराज : …मंजे भज्जी न्हाई, उंडे न्हाई, आंबील बी न्हाई? अंबिका, आज येळवशीचा सण हाय! बारा वाजता साहेब आन फॅक्टरीतली पंधरा माणसं आपल्या शेतात जेवायला यायलेत!

अंबिका : ठावं हाय की.

धनराज : रातपाळी करून आलोय, मस्करी करू नगंस. चूल कामून थंड हाय?

अंबिका : फळा बघा. तुमीच ठोकलात न्हवं सैपाकघरात? "फळ्यावर न्हाई ते काम कुणाचंच न्हाई." अक्षर तुमचंच हाय. येळवशीपुढं कुणाचं नाव हाय, वाचा.

धनराज : ते ल्ह्यायचं कशाला? दरसाल तूच करतीस!

अंबिका : दरसाल मी घरातली बाई हुते. तुमी फॅक्टरीतनं ते ट्रेनिंग घेऊन आलात आन मी टीम-मेंबर झाले.

चंद्रभागाबाई : आन मी बी. सत्तरीच्या मायला दर आयतवारी मीटिंगला बसवलास. "माय, तुजी कामगिरी घसरायली." भावकीसमोर मनलास रं, मुडद्या!

धनराज : माय, आता ते काढू नगंस. ऊठ, दोघी सासवा-सुना लागा कामाला. चार तास हायेत.

चंद्रभागाबाई : आंबील चार तासात आंबती व्हय? ताकात पीठ आदी मुरवावं लागतंय. जलमापासनं येळवस खायलास, येवढं बी ठावं न्हाई तुला?

धनराज : मग आदी कामून बोलला न्हाईत?

अंबिका : बोलले की, आयतवारच्या मीटिंगला. मनलात, "अंबिका, विषय सोडून बोलू नगं, वेळ संपला."

धनराज : आगं, मी साहेबाला छाती ठोकून सांगितलंय, माजं घर बी टीमसारखं चालतंय मनून. फळा बघायचाय त्यास्नी. सुपरवायझर कोण करायचं ते याच म्हैन्यात ठरायलंय. माजी अब्रू घालवायलीस का?

अंबिका : व्हय. घालवायले.

धनराज : काय घोडं मारलं मी तुजं?

अंबिका : त्या कोपऱ्यात बघा. भादव्यातले तेरा तांबडे गोल. "अंबिका, गैरहजर." माजी आई मेली हुती त्या तेरा दिवसात. तेरावा करून आले, उंबरा वलांडला, तर समोर हे. आन तुमी काय मनलात? "रजा आदी कळवायची असती."

धनराज : नियम सगळ्याला सारखा पायजे मनून…

अंबिका : चुकलंच माज्या आईचं. मरायच्या आदी अर्ज दिला न्हाई तिनं. रोज फळा पुसायचं काम माज्याच नावावर. सगळा पुसते, तेवढे तेरा गोल सोडून. मनात मनायची, येळवस येऊ दे.

धनराज : चुकलं बाई माजं! पाय धरतो. आता हाटेलातनं काईतरी आणू का?

चंद्रभागाबाई : येळवशीला हाटेलातलं? आण, आण. सगळं राजेश्वर गाव हासंल, बांधावर हुबं राहून.

धनराज : थांबा. दारात ह्या मडक्यात काय हाय? आंबीलच हाय की ही! आन मला न्हाई मनायलीस?

अंबिका : हात लावू नगा! ती माज्या आईच्या नावाची हाय. हुलसूरला भावाच्या शेतात न्यायले. आता बस हाय.

चंद्रभागाबाई : थांब गं पोरी, मी बी येते. लुगडं तर कवाच बदललंय.

धनराज : माय, तू बी? आगं, साहेब तुज्या हातचं खायाला यायलेत!

(बाहेर बसचा भोंगा वाजतो.)

धनराज : अंबिका, आगं… साहेबानं इचारलं तर सांगू तरी काय?

अंबिका : खडू तिथंच हाय. दोन तांबडे गोल काढा. तुमाला चांगले येतेत.