एक दिवस पावडर नाही टाकली

माहं माहेर मुर्रीकडचं, गोंदियाच्या अगदी काठावर, आता तेथं घरंच घरं झाली, माह्या लहानपनी सगळ्या धानाच्या बांध्या होत्या. बाप मजुरी करे, माय मजुरी करे. आमी बौद्ध. माह्या आजीले तिच्या तरुनपनी विहिरीच्या ओट्यावर चढू देत नव्हते, खाली उभी राहाची, वरून कोनी ओतलं तं ओतलं. एक डाव तिनं स्वताच दोराले हात लावला तं वरच्यानं लोखंडी बकेट फेकून मारली, डोक्स्यात खाच पडली, मी तिच्या उवा पाहताना त्या खाचीवर बोट ठेवून पाहो, बोट बरोबर बसे. पानी न मारामारी हे दोन्ही मले संगच ठाऊक झाले.

लग्न होऊन इकडं आली, गोरेगावच्या अलीकडं, गावाचं नाव नोका लिहू भाऊ, मले तेथंच राहाचं हाय. नवरा स्वभावानं गरीब, कोनाले अरे म्हननार नाही, रागाचा सगळा वाटा माह्याकडं आला. ग्रामपंचायतीले जलसुरक्षक पाहिजे होता, कोनी तयार नाही, काऊन तं काम काय, रोज सकाळी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकाची न गावाच्या शिव्या खाच्या. मीनं म्हनलं मी करते.

आता तुमी म्हनसान गावात नळ नाही काय. हाय ना. टाकी हाय, पाईप हायत, तोट्या बी हायत, पानी तेवढं नाही. हातपंपाचं पानी लाल येते, भात शिजवला तं भात पिवळा. मंग अख्खं गाव एकाच विहिरीवर. काम कसं राहते सांगते, पावडर बकेटीतल्या पान्यात घोळाची, ढवळाची, मंग थांबाचं, चुना खाली बसते, वरचं नितळ पानी तेवढं विहिरीत सोडाचं, अन् एक घंटा कोनी दोर टाकाचा नाही. हा घंटा लय जड. धान रोवन्याच्या दिवसात बायाइले बांधीवर जाची घाई, कोन थांबते? मी काठी घेऊन ओट्यावर उभी राहो. एक जन म्हशी धुवाले आला, मीनं म्हनलं नोको धू, तो म्हने तुह्या बापाची विहीर हाय काय, तं माह्या हातात बकेट होती तेच त्याच्या कपाळात घातली, तीन टाके पडले. एका बाईनं घंटा व्हाच्या आधी गुंड भरला, मीनं लाथ मारून सांडवला, तिनं माहे केस धरले, मीनं तिच्या दंडाले चावा घेतला, दोघी बी ओट्यावरून खाली चिखलात. काय सांगू तुमाले, मले लाज नाही वाटत हे सांगाची. आयकतच नव्हते. पन गावातली हगवन थांबली होती, हे बी लिहा.

विहिरीले लागून एका मोठ्या कास्तकाराचं घर हाय. तेथली बुडी यशोदाबाई. रोज सकाळी माह्यावर तोंड सोडे, पान्याले वास येते, चहाची चव जाते, तुह्या हातचं औषध आमच्या पोटात काऊन घालून राहिली? मी ज्या बाजूनं ओट्यावर चढली त्या बाजूनं ती चढत नव्हती. मीनं बी सोडलं नाही तिले, सुनंसमोर सोडलं नाही.

तिची सून वंदना, वीस वर्साची असन, बाळंत झाली, पोरगा झाला. आमच्याइकडं सव्वा महिन्यानं बाळंतीन विहीर पूजाले येते, हळद-कुंकू वाहते, आपल्या हातानं पयला गुंड काढते, अन् त्याच पान्यात घुटी घासून लेकराले चाटवतेत. पूजेच्या आदल्या संध्याकाळी मी चूल पेटवून राहिली होती अन् दारात कोन, तं यशोदाबाई. आमच्या टोलीत, बौद्धाइच्या वस्तीत, ती जन्मात आली नव्हती. आली, छपरीत बसली, अन् म्हने कुंदा, पानी दे वं पेवाले.

मीनं देल्लं. स्टीलच्या गिलासात. माह्या हातातून घेतला तिनं, वरतून नाही पेली, गिलासाले तोंड लावून पेली, सगळा पेली. भाऊ, मी तेथंच पघळली. माह्या डोक्स्यात आजीची खाच आली, अन् वाटलं आज काहीतरी फिटलं. मंग तिनं गिलास खाली ठेवला न म्हनलं, उद्या एक दिवस पावडर नोको टाकू वं, नातवाच्या घुटीले वास येईन, शुभाचं पानी हाय, एका दिवसानं काय होते. एवढी गावाले झोडपनारी मी, मीनं म्हनलं हाव बाई, नाही टाकत.

त्या रातच्याले पानी असं पडलं का नाल्या फुगल्या, कोठ्यातलं शेन-मूत वाहत विहिरीकडं आलं. सकाळी मी ओट्यावर गेली, वाकून पायलं, पानी गढूळ, वर फेस. मीनं पायलं भाऊ. कोनी सांगतलं नाही मले, माह्या डोयानं पायलं. पावडरची थैली घरी होती, धावत जाऊन आनता आली असती. अन् वंदना नवं लुगडं नेसून, लेकरू छातीशी, बाया गाने म्हनून राहिल्या, यशोदाबाई माह्याकडं पाहून हसली, सगळ्यांसमोर. मी गप उभी राहिली. काठी बी नेली नव्हती त्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून गाव हगाले न ओकाले लागलं. पूजेच्या पंगतीले जेवलेले पयले पडले, मंग घरोघर. माहा नवरा पडला, मी बी पडली. मानसं गाडीत घालून गोरेगावच्या दवाखान्यात नेले, मोठी मानसं वाचली सगळी. वंदनाचं लेकरू वाटेतच गेलं. एवढंसं, त्याच्यात पानीच कितीसं राहते, निघून गेलं सगळं.

तिसऱ्या दिवशी माती देऊन मानसं परतली अन् सरळ माह्या घरी आली. वंदनाचा नवरा पुढं. म्हने इनं विहिरीत विष टाकलं, मायसंगची दुश्मनी लेकरावर काढली. मले केस धरून फरफटत ओट्यावर नेलं. विहिरीच्या दोरानं मारलं, ओला दोर, तुमाले ठाऊक नाही तो कसा लागते. मनगट बकेटीखाली ठेवून वरून पाय देल्ला, कडकन आवाज झाला, मलेच आयकू आला. हे पाहा, हे तीन बोटं आता मिटत नाहीत. माहा नवरा पाया पडून राहिला होता, त्याले बी लाथा. घरातून पावडरची थैली आनली न म्हने विष नाही ना, मंग खा. जबडा दाबून मूठभर कोंबली. जीभ सोलून निघाली, नाकातून रक्त. मी एकाचं बोट चावलं, हाडापर्यंत चावलं, म्हनून दुसरी मूठ नाही आली.

मी पाहून राहिली होती यशोदाबाईकडं. ती दारात उभी. तिच्या एका बोलानं थांबलं असतं. ती आली, वाकली, मले वाटलं आता सांगते, तं तिनं पायातली चप्पल काढली न माह्या थोबाडात मारली. मार रे, म्हने, मार हिले.

मले बोलता येत होतं अजून. तुनंच सांगतलं होतं वं, येवढं म्हनाले तोंड पुरे होतं. नाही म्हनलं. लोकं आता इचारतेत काऊन गप राहिली. काय सांगू? टाकनारी मी होती अन् मीनं टाकली नाही. तिनं मागतलं, देनारी मी. मले तो मार पायजे होता, खरं सांगते, कोनी थांबवू नये असं वाटत होतं.

थांबवलं वंदनानं. आतून धावत आली, पोलकं दुधानं ओलं, अंगात ताप. सासूचा हात धरला न ओरडली, आत्या, तुमीच नाही सांगतलं काय कुंदाबाईले पावडर नोको टाकू म्हनून? घरी येऊन तुमीच म्हनलं ना, जमवून आली म्हनून? दोर धरनाऱ्यानं दोर सोडला. मंग तिच्या नवऱ्यानं तिलेच मारलं, पोटात लाथ, सव्वा महिन्याच्या बाळंतिनीले. तवा मी उठली. एका हातानं उठली, अन् तेच बकेट, त्याच्या तोंडावर घातली. दोन दात गेले त्याचे. पोलीस आले, बयान झाले, मंग गावानं दोन्हीकडून समजूत घालून मिटवलं. वंदना माहेरी गेली, ते आली नाही. येऊ बी नये तिनं.

काम मीनं सोडलं नाही. सोडते सोडते म्हनो, पन सकाळ झाली का पाय तिकडंच जातेत. आता घंटाभर कोनी दोर टाकत नाही, काठी लागत नाही, सगळे गुंड घेऊन गप उभे राहतेत. यशोदाबाई बी राहते, आमी बोलत नाही. पाऊस असो, लग्न असो, मयत असो, माह्या पोरीचं लग्न झालं त्या दिवशी बी हळदीच्या हातानं टाकली. हे सगळं झालं, पन त्या लेकराचं काय? त्याचं बारसं बी व्हाचं होतं, नाव बी ठेवलं नव्हतं.

मागं एक जन आला होता, पोरीचं लग्न हाय म्हने, उद्याच्या दिवस पावडर राहू दे. छपरीत बसला, म्हने पानी पाज बाई. मीनं नाही देल्लं. तसाच उठवला. आता घरी आलेल्या कोनालेच मी पान्याचं इचारत नाही, सोयरे रागावतेत, जावई बी रागावला. तुमी येऊन एवढा येळ झाला, तुमाले बी नाही इचारलं, तुमी मनात म्हनलं असन कशी बाई हाय. राग नोका मानू भाऊ, माह्या हातून गिलास उचलतच नाही. तो माठ हाय तेथं, तहान लागली असन तं आपल्या हातानं घ्या. वास येईन पावडरचा. पेऊन घ्या बाप्पा, लय दिवस जगा.