तांब्याभर पाणी

…आणि फोन आला तो नेमका नळाच्या दिवशी! तुम्हाला सांगतो, आमच्या पडेगावात नळ येतो आठ दिवसांनी, माझ्या हातात पाइप, पुढं तीन ड्रम उघडे, आणि दवाखान्यातला माणूस विचारतोय, "सारजाबाईंचे कोण तुम्ही?" म्हणालो, "नवरा, पण पाच मिनिटं थांबा, नळ जाईल!" थांबला बिचारा. माझ्यापुरती सारजा पाच मिनिटं जास्त जगली… पाण्यापायी हो!

करोनाचं साल. वरच्या मजल्यावर कारभारींच्या घरात चौघं तापानं आडवी. आमचं दार बंद, भाजीसुद्धा मिठाच्या पाण्यात बुडवलेली, मग सारजाला दुखणं आलं कुठून? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ती गेल्यावर घरात वास सुटला म्हणून प्लंबर गयासला बोलावलं, तर तो मागच्या बिनवापराच्या न्हाणीत उकिडवा बसला, जाळी उचलली, आत बोट फिरवलं. "सर, ये तो सुक्का है! इसमें पानी ठैरता ना, वोइच दरवाजा है. पानी गया तो पूरी बिल्डिंग की हवा तुमारे घर में!" मग गच्चीवर गेला. तिथं हवेच्या पाइपाला बूच! कुणी मारलं? चेअरमन तात्यासाहेबांनी! "अहो, मी सकाळी प्राणायाम करतो, वास यायचा!" अहो, वास वरच्या वर जावा म्हणूनच तो पाइप ना? तो कोंडला की वरच्यांनी फ्लश केला रे केला, आमच्या जाळीतलं पाणी गुडगुड करत खाली… त्यावर उपाय काय? तांब्याभर पाणी हो!

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सारजा रोज त्या न्हाणीत तांब्याभर ओतायची, गयासनंच तिला सांगितलेलं. आणि मी, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, म्हणायचो, "नळ आठ दिवसांनी, आणि तू मोरीला पाणी पाजतेस?"

"अहो, तांब्याभर तर हाय."

"रोजचा एक, महिन्याचे तीस झाले!"

गणित बरोबर होतं. तिनं बंद केलं.

दवाखान्यातून मात्र रोज फोन. धाप लागलेली, एकेक शब्द सुटा. "अहो… जेवला का?… मागं… तांब्याभर… ओतलं का?" मी म्हणायचो, "ओतलं गं, तू बोलू नको."

तुम्हाला सांगतो, ओतलं नव्हतं.