बाटलीवर छापलेलं

माझा सोमवारचा उपास होता, म्हणून नारायणगावच्या खतांच्या दुकानात मी बाकावर टेकले होते. पुढं एक पोक्त बाई दुकानदाराशी हळू आवाजात बोलत होत्या.

“सोमनाथभाऊ, माझी धाकटी जाऊ द्राक्षांवर काय मारती? लई मासळीचा वास येतो.”

“कल्याणीवहिनी ना? समुद्रातल्या शेवाळाचा अर्क नेत्यात त्या. मासा नाय त्यात, जानकाकाकू.”

“अजिबात न्हाई?”

“वनस्पतीच ती. तिच्यातल्या द्रव्यांनी वेल जोर धरतो. वास समुद्राचा. तुमाला देऊ का?”

“शिवरात्रीला तिनं देवाला टोपलीभर द्राक्षं आणली. मी पायरीवरनंच माघारी धाडली. सगळ्या बायांसमोर म्हणाले, मासळी मारलेलं महादेवाला चालत न्हाई.”

“अरे देवा! मग?”

“टोपली नेऊन गाईपुढं वतली. तवापास्नं देवळात पाऊल न्हाई तिचं.”

“पण बाटलीवर मराठीत छापलंय की, काकू. हे बघा, ‘समुद्री शेवाळ’. त्यांनी दाखवली न्हाई?”

“दाखवली व्हती.”

“मग वाचली न्हाई?”

“हातातच घेतली न्हाई, भाऊ. विटाळ हुईल म्हणाले मी.”