आतून कडी

कप्तान : केबिनचं दार फुगलेलं नाही, काकू. नौका जुनी असली तरी सुतारकाम पक्कं आहे. काकांनी आतून कडी घातलीये.

बायको : माहीत आहे हो मला. बाकीच्या प्रवाशांसमोर शोभा नको, म्हणून फुगलं म्हटलं.

नवरा : मी आत आहे, बहिरा नाही! कप्तान, नौका मागे फिरवा.

कप्तान : काका, वारा पाठीवर आहे, बंदर समोर दिसतंय. बाकीच्यांना काय सांगू?

नवरा : मग मला इथेच उतरवा.

कप्तान : इथे? पोहता येतं का?

नवरा : तो प्रश्न वेगळा!

कप्तान : काकू, माझंच चुकलं. चहा पिताना बोलून गेलो की आमची शिडं तुमच्या मुलीने शिवलीत. मला वाटलं, काकांना ठाऊक असेल.

बायको : तुमचं काय चुकलं? कधीतरी फुटणारच होतं. तुम्ही जा वर, तुमची कामं असतील.

नवरा : या सफरीची लॉटरी लागली म्हणालीस तू!

बायको : खरं सांगितलं असतं तर आला असतात?

नवरा : मुळीच नाही.

बायको : म्हणूनच. तिने मजुरीऐवजी आपल्या दोघांची जागा मागून घेतली. म्हणाली, आईबाबा दुकान सोडून कधी कुठे गेले नाहीत.

नवरा : म्हणजे ही मऊ गादी, ते गरम पाणी, ते जेवण, सगळं तिचं.

बायको : आणि दोनदोनदा वाढून घेतलंत.

नवरा : चेष्टा सुचतेय तुला?

बायको : रडून झालंय माझं, इतकी वर्षं.

नवरा : दुकानाच्या पाटीवर मी ‘आणि कन्या’ रंगवून घेतलं होतं. रंग वाळला नव्हता गं. आणि ही म्हणते, बाबा, मला कोट नाही शिवायचे, मी बंदरावर चालले, शिडं शिवायला.

बायको : त्यावर तुम्ही काय म्हणालात, तेही सांगा की.

नवरा : तुला माहीत आहे.

बायको : गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, ही मला मेली.

नवरा : म्हणालो. आता ते गिळू कसं? सगळ्या गल्लीने ऐकलंय.

बायको : गल्ली कधीच विसरली. तुम्ही धरून बसलात. आणि तुमच्यापायी मीही. पोटच्या पोरीशी बोलायचं तर फोन घेऊन गच्चीवर जायचं, चोरासारखं. तुम्ही तुमच्या शब्दात अडकलात, मान्य. पण तो शब्द मी कुठे दिला होता? बोला की. इथून उठून चक्कर मारायलाही जाता येणार नाही तुम्हाला.

नवरा : काल मोठ्या शिडाची शिवण चाचपून पाहिली मी.

बायको : बघत होते.

नवरा : कप्तानाला म्हटलं, कुणीतरी कसलेला हात आहे.

बायको : मग तेच सांगा तिला.

नवरा : कुठल्या तोंडाने सांगू?

बायको : आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?

कप्तान : (वरून) काकू, दोर बांधले! धक्क्यावर तुमची मुलगी आलीये.

नवरा : माझ्या खिडकीतून नुसतं पाणी दिसतंय.

बायको : धक्का या बाजूला आहे. मला जिन्यातून दिसतेय ती. वाळलीये हो. आणि केस कापलेत, पार कानापर्यंत.

नवरा : केस कापले? तू बोलली नाहीस कधी.

बायको : फोनवर केस ऐकू येतात का?

नवरा : चांगले कमरेपर्यंत होते. मशीनवर वाकली की चाकात जातील म्हणून ओरडायचो मी.

बायको : अहो, ती वर चढत नाहीये. तिथेच उभी आहे, पिशवी छातीशी धरून. मी चालले. तुम्हाला आत बसायचं तर खुशाल बसा. मी आता दाराबाहेर थांबणार नाही.

नवरा : ऐक.

बायको : काय?

नवरा : बाजूला हो जरा. हे दार बाहेर उघडतं.