बाबांच्या पाठीवरचा रुमानिया

रुमानियाचं नाव निघालं की मला अजून बाबांची पाठ आठवते. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी शेजारच्या बोरकर काकांकडून युद्धकाळातल्या रुमानियन टपाल तिकिटांचा संच मागून आणला होता. पाच कोरी तिकिटं, प्रत्येकावर तिथला तरुण राजा. काकांनी निम्मं आयुष्य घालवून तो संच पुरा केला होता.

मे महिन्यातली दुपार होती. चार तिकिटं वहीत लावली, पाचवं चिमट्यात धरलं, तेवढ्यात दार वाजलं आणि मी दचकले. कूलरच्या झोतानं तिकीट उडालं, ते उघड्या अंगानं बसलेल्या बाबांच्या घामेजल्या पाठीवर, नेमकं डिंकाच्या बाजूनं.

"बाबा, हलू नका!"

"काहून? विंचू हाय काय?"

"राजा आहे!"

मी नखानं कोपरा उचलायला गेले, तर मागून आवाज आला, "हात नको लावू वं, फाटंल!" दार वाजवून आत आलेले काकाच होते. त्यांनी भिंग काढून बाबांची पाठ न्याहाळली.

"डिंक तं गेला. कागद वाचवू. कूलर बंद कर."

"मे महिन्यात?" बाबा ओरडले.

"पाणी ओतलं तं रंग जाईन, भाऊ. घामानं हळूहळू सुटते ते."

पाऊण तास आम्ही दोघं त्या पाठीकडे बघत होतो. शेवटी तिकीट घसरलं आणि काकांनी ते चिमट्यात अलगद झेललं. कडेचा एक दातही तुटला नव्हता.

बाबांनी आधी भिंतीला पाठ घासली. मग म्हणाले, "परक्या मुलखाचा राजा म्हणून सोसलं. आपला असता तं कवाच खाजवलं असतं."