फुकटचं पिल्लू

रशियाच्या बर्फाळ टोकाला, चुकोत्कातल्या दुकानाच्या रांगेत म्हातारा एत्तुगे उभा होता. पुढे ओम्रुव्हे आणि त्याची बायको.

"अहो, हस्कीचं पिल्लू फुकट देताहेत."

"पिल्लू फुकट, पण खायला? पेन्शन कोळशातच संपते. माझी टोपी खायला घालू?"

"तुमच्या टोपीला तोंड नाही लावायचं ते! बारा कुत्री होती, तेव्हा नाही असं बोललात."

"तेव्हा हिवाळाभराचे मासे मी सुकवायचो. आता जाळं ओढवत नाही."

"बर्फावरची गाडी नको ओढायला. दाराशी नुसतं घोरलं तरी झोप लागेल मला."



"मासे माझ्याकडून न्या," एत्तुगे म्हणाला.

"आणि तुम्ही काय खाल?" ओम्रुव्हेने मागे वळून विचारलं.

"बायको जाऊन तीन वर्षं झाली. अजून दोघांपुरते सुकवतो."