गाढव ओरडलं नाही

— नाही नाही, दाबा तुम्ही, मी कोण सांगणारा? फक्त अंगठा जरा वर धरा, माझं बोलून होईपर्यंत. चोरून बघत नव्हतो भाऊ, दवाखान्याचं बाकडं एवढंसं, तुमचा फोन माझ्या नाकाखालीच आला. 'बीटा' लिहिलंय ना त्यावर? इंग्रजी मला 'ओके'पुरतं येतं, चौथी नापास आहे, तीही दोनदा — पण हा शब्द आता मी झोपेतही ओळखीन. काय करता तुम्ही? सॉफ्टवेअर बनवता? बँकेत? मग बँकेतला माणूस हे कच्चं सॉफ्टवेअर घेऊन काय करणार? ॲप बनवणाऱ्यांसाठी ते आधी सोडतात, त्यांनी चुका शोधाव्यात म्हणून. आपण काय शोधणार — मला माझा चष्मा सापडत नाही, तो कपाळावर असतो. तरी मी घेतलं. धरणगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथं माझ्याआधी कोणीच नाही.

का म्हणजे? जिरवायची होती. आमच्याकडं योगेंद्र गुरुजी आहेत, रिटायर झाले तरी चहाच्या टपरीवर वर्ग भरवतात. त्यांच्या आधी घ्यायचं, बस. त्यात सगळी बटणं काचेसारखी दिसतात, आरपार. मग मी काय केलं — टपरीवरच्या पेपरचा फोटो काढला, तोच पडद्याला लावला, फोन पेपरवर ठेवला आणि टपरीवाल्या मगनला म्हटलं, बघ, नवं सॉफ्टवेअर टाकलं की अख्खा फोन आरपार होतो. मगन बिचारा फोनखाली बोट घालघालून बघतोय — म्हणे, नाना, मनं बोट काबर दिसत नही? म्हटलं, तू देवळात चपला घालून गेला होतास, पाप्याचं बोट दिसत नाही. — हसा, हसा. मीही हसलो होतो.

आता ऐका. माझी बायको, सुनंदाबाई — त्या दाराच्या आत आहे, कालपासून — तिला साखरेचा आजार. इन्शुलिनची सुई घ्यावी लागते. पुण्याहून आमच्या मुलीनं, भूमिकानं, तिच्या दंडावर बटणाएवढं यंत्र चिकटवून दिलं. साखर उतरली की माझा फोन बोंबलणार. आणि बोंबलणार तर साधा कशाला बोंबलेल — मी त्याला गाढवाचा आवाज लावला. गाढव ओरडलं की ती पदरानं तोंड झाकून हसायची, डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, अहो, तुमचे भाऊ आले. असं चाललं होतं आमचं, गोडीत. नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि गाढव गप्प. मला वाटलं, साखर जागेवर आहे. पडद्यावर आकडा दिसत होता की, चांगला आकडा — तो जुनाच थिजून बसलाय हे मला कसं कळावं? फोननं सांगायला नको?

काल आमच्या घरी कानबाई बसली. श्रावणातला रविवार, सगळे भाऊबंद एका घरात, नारळाला नथ घालून देवी मांडायची, आणि रोटांचा नैवेद्य दाखवेपर्यंत घरच्या बाईनं उपाशी राहायचं. सुनंदा म्हणाली, सकाळी सुई घेतलीय, उपास धरू ना? म्हटलं, धर की, गाढव आहे ना राखणीला.

आरतीला ती डुलायला लागली. घामानं पाठ भिजली, हात थरथरताहेत, डोळे भलतीकडंच. शेजारची बेबाबाई म्हणाली, बाई उनी, बाई उनी — झालं, बठ्ठी मंडळी, लहानथोर सगळे, हात जोडून उभी. देवी अंगात आली म्हणून कुंकू लावलं, ओटी भरली, एकेक जण प्रश्न विचारतोय, पोरीचं कधी जमेल, बोअरला पाणी कुठं लागेल. मी फोन काढून बघितला. आकडा चांगला. मग मीही पुढं झालो — मला कुठं गप्प बसवतं — म्हटलं, बाई, आमच्या योगेंद्र गुरुजींना अक्कल कधी येईल? सगळे हसले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "रतिलाल, गूळ दे."

माझं नाव, भाऊ. संसार झाला, नातवंडं झाली, पण तिनं कधी माझं नाव घेतलं नाही — कोणी विचारलंच तर सुनेकडं बोट करायची, हिला विचारा म्हणायची. म्हणून तर सगळ्यांची खात्रीच पटली. सुनंदा कशाला नाव घेईल, देवीच बोलतेय, देवी गूळ मागतेय. मी स्वतः उठलो, ढेप फोडली, ताट भरलं आणि ठेवलं — कुठं? नारळापुढं. तिच्यापासून हातभर लांब. ती हात पुढं करत होती, तर बेबाबाईनं तो हात धरून माझ्याच डोक्यावर ठेवला, आशीर्वाद म्हणून. गार होता. मी डोळे मिटून बसलो.

पडली तेव्हा सून धावली, कामिनी. फोनवरचा आकडा खोटा, साखर उतरलीय, हे तिच्या लगेच ध्यानात आलं — येणारच, फोनवर ते टाकत होतो तेव्हा तिनंच वाचून दाखवलं होतं, नाना, काही ॲप बंद पडतील असं लिहिलंय, आईंच्या यंत्राचं आधी भूमिकाताईंना विचारा — म्हणजे, हो, फोननं सांगितलं होतं. असं बघू नका माझ्याकडं. मी म्हटलं, मराठीत लिहिलं असतं तर ऐकलं असतं. ती हसलीही नव्हती.

भूमिका निघालीय पुण्याहून. तिला सांगितलं, उपासानं झालं. कामिनी बाजूलाच उभी होती, सगळं ऐकत. — मला सांगा, जुनं सॉफ्टवेअर परत टाकता येतं? सगळं पुसलं जातं म्हणता? पुसू दे. पोरगी यायच्या आत होईल का?... राहू द्या. राहू द्या.

डॉक्टर म्हणतात, डोळे उघडले की कळेल, साखर उतरून मेंदूला किती लागलंय. मला डॉक्टर नको त्यासाठी. ती 'अहो' म्हणाली की माझी सुनंदा परत आली. गाढवाचा भाऊ म्हणू दे, काहीही म्हणू दे, पण आधी 'अहो' —

ही आली कामिनी. काय गं? उघडले? डोळे उघडले? — ऐकलंत ना भाऊ, मी म्हणत नव्हतो? — बोलली का? मला बोलावलं? मग काय म्हणाली, सांग ना, अशी काय उभी...

नाव घेऊन?

भाऊ, पाय घ्या जरा, मला जाऊ द्या. तुमचं तुम्ही बघा.